कॅलेंडर बदलणाऱ्या टूलचे डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी लिहिताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी मीटिंगांची व्यवस्था पाहणारा एआय सहाय्यक बनवते. तिचे ग्राहक म्हणजे बहुतेक सल्लागार फर्म आणि परदेशी क्लायंटसाठी काम करणाऱ्या टीम्स. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे काढले किंवा बदलले आहेत. माझा संबंध आला तो तांत्रिक लेखिका म्हणून. सहाय्यक जी कॅलेंडर टूल्स वापरतो त्यांचे डॉक्युमेंटेशन नव्याने लिहायचे काम माझ्याकडे आले होते.

मांडणी अशी होती. वापरणारा चॅटमध्ये लिहितो, ‘उद्याची अकराची मीटिंग बाराला कर.’ भाषा-मॉडेल ते वाचते, समोरच्या टूल्समधून एक निवडते, पॅरामीटर, म्हणजे टूलला लागणारी माहिती, भरते आणि कॉल करते. तो कॉल पुढे गुगल कॅलेंडरच्या एपीआयपर्यंत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने कॅलेंडर वाचायच्या-बदलायच्या अधिकृत मार्गापर्यंत, जातो. टूल्स मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एमसीपीवर बसवलेली होती. हा प्रोटोकॉल अँथ्रोपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. त्यात टूलबद्दल मॉडेलला मुख्यतः तीन गोष्टी मिळतात: टूलचे नाव, साध्या भाषेतले वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही.

माणसासाठी लिहिलेल्या एपीआय डॉक्युमेंटेशनपेक्षा हे काम वेगळे आहे ते इथेच. डेव्हलपर डॉक्युमेंटेशन वाचतो, टेस्ट कॅलेंडरवर करून बघतो, अडला तर शेजारच्याला विचारतो. त्याच्या चुका त्याच्याच मशीनवर होतात. एजंट वर्णन वाचतो आणि लगेच कोणाच्या तरी खऱ्या कॅलेंडरवर कॉल करतो. मधे सरावाची जागा नसते.

इव्हेंट बदलणाऱ्या टूलचे तेव्हाचे वर्णन एका वाक्याचे होते: ‘कॅलेंडरमधील इव्हेंट अपडेट करते.’ पॅरामीटर गुगलच्या एपीआयमधून जसेच्या तसे उचललेले होते: इव्हेंट आयडी, सुरुवात, शेवट, शीर्षक, स्थळ, सहभागींची यादी. कोणत्याही पॅरामीटरला स्वतःचे स्पष्टीकरण नव्हते. टीमला त्यात काही वावगे वाटले नव्हते, कारण त्यांच्या डेमोमध्ये एकेकट्या मीटिंगाच हलवल्या जात आणि त्या बरोबर हलत.

अडचण

एका ग्राहक फर्मची लंडनच्या क्लायंटबरोबर दर मंगळवारी संध्याकाळी सातला आढावा मीटिंग असायची. फर्मच्या ऑपरेशन्स मॅनेजर मॅडमनी सहाय्यकाला लिहिले: ‘या मंगळवारची आढावा मीटिंग बुधवारी घे, वेळ तीच. आणि नव्या अकाउंट मॅनेजरलाही त्यात घे.’ सहाय्यकाने कळवले की मीटिंग बुधवारी सातला हलवली आहे आणि नव्या अकाउंट मॅनेजरना जोडले आहे.

थोड्या वेळाने लंडनहून मेल आला. आम्हाला सगळ्या आढावा मीटिंगा रद्द झाल्याचे कळले आहे, काम थांबवायचे आहे का, अशी विचारणा त्यात होती.

कॅलेंडर उघडून पाहिले तेव्हा तीन गोष्टी एकदम बिघडलेल्या होत्या. एक मंगळवार हलवायचा होता, तर पूर्ण मालिका बुधवारवर गेली होती. सहभागींच्या यादीत फक्त नवे अकाउंट मॅनेजर उरले होते, बाकी सगळे वगळले गेले होते आणि प्रत्येकाला रद्द झाल्याचा मेल गेला होता. आणि मागच्या मंगळवारांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या होत्या. ही फर्म क्लायंटला तासांचे बिल याच नोंदी बघून लावत असे, त्यामुळे त्यांच्या अकाउंट्सच्या माणसालाही त्याच दिवशी फोन करावा लागला.

लॉगमध्ये, म्हणजे सहाय्यकाने काय काय केले त्याच्या नोंदीत, दोनच कॉल होते, एक शोधण्याचा आणि एक बदलण्याचा. ते शांतपणे वाचले की प्रत्येक बिघाडाचे मूळ सापडते.

गुगल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग ही एकच नोंद असते आणि तिला पुनरावृत्तीचा नियम जोडलेला असतो. शोधताना ‘सिंगल इव्हेंट्स’ हा पर्याय चालू केला तर त्या नोंदीचे वेगवेगळे दिवस सुटे होऊन येतात आणि प्रत्येक दिवसाला स्वतःचा आयडी मिळतो. आमचे शोध-टूल तो पर्याय चालू करत नव्हते. त्यामुळे मॉडेलच्या हातात आला तो मालिकेचा आयडी. त्यावर त्याने नवी तारीख घातली. नियमात ‘दर आठवड्याला’ एवढेच लिहिलेले होते, वार नव्हता, म्हणून वार सुरुवातीच्या तारखेवरून ठरला आणि मालिका बुधवारची झाली. सुरुवात पुढे सरकल्यामुळे आधीचे मंगळवार मालिकेच्या बाहेर पडले.

सहभागींचे कारण वेगळे. टूल आतून एपीआयची ‘पॅच’ पद्धत वापरत होते. पॅचमध्ये जे फील्ड, म्हणजे नोंदीतला जो रकाना, पाठवले नाही ते जसेच्या तसे राहते, पण यादीचे फील्ड पाठवले तर जुनी यादी पूर्ण पुसून नवी बसते. गुगलच्या संदर्भ-पानावर हे स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या वर्णनात नव्हते. मॉडेलला एका माणसाला जोडायचे होते, त्याने ‘सहभागी’ या फील्डमध्ये एक माणूस पाठवला.

आणि मेल गेले कारण बॅकएंडने, म्हणजे टूलमागच्या कोडने, सूचना सर्वांना पाठवायचे ठरवून टाकले होते. मॉडेलला तो पर्याय माहीतच नव्हता.

टीमच्या पहिल्या चर्चेत ‘मॉडेल चुकले’ असाच सूर होता. मला ते पटले नाही. त्याला जेवढे सांगितले होते तेवढ्यावरून त्याने केलेले दोन्ही कॉल वाजवी होते. एखाद्या नव्या माणसाला तेच एक वाक्य आणि तीच फील्ड दिली असती तर त्यानेही हेच केले असते. मॉडेल बदलून हा प्रश्न सुटणार नव्हता.

त्या दिवशीची दुरुस्ती मात्र सोपी गेली. बदलाआधीची सहभागींची यादी शोधाच्या उत्तरात लॉगमध्ये होती, त्यावरून मालिका पूर्ववत केली. फर्मच्या मालकांनी लंडनला स्वतः फोन केला. आणि सहाय्यकाकडून मालिकांमध्ये बदल करणे तात्पुरते बंद ठेवले.

समोरचे पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय होता वर्णन लांबवणे. त्याच दिवशी करता आला असता. ‘यादी पाठवल्यास जुनी यादी पुसली जाते, म्हणून आधी पूर्ण यादी आणा, त्यात नवे नाव जोडा आणि सगळी पुन्हा पाठवा’ असे लिहायचे. मी तसा मसुदा लिहिलाही. पण तो लिहिताना दिसत गेले की आपण मॉडेलला एक नाजूक काम देतो आहोत. पंधरा-वीस ईमेल पत्ते एकही अक्षर न चुकता पुन्हा उतरवायचे, आणि प्रत्येकाचे ‘येणार’, ‘नाही येणार’ हे उत्तरही सोबत जपायचे. एक पत्ता गळला की एक माणूस मीटिंगमधून गळणार. शिवाय टूल्सची वर्णने प्रत्येक संवादात मॉडेलसमोर असतात. इशारे वाढत गेले की महत्त्वाचा इशारा गर्दीत हरवतो.

कंपनीच्या संस्थापक सरांचा कल सिस्टिम प्रॉम्प्टकडे होता. सगळे नियम सहाय्यकाच्या मुख्य सूचनांमध्ये घालावेत, म्हणजे टूलला हात लावायला नको. याला अडथळा व्यावहारिक होता. हाच एमसीपी सर्व्हर, म्हणजे ही टूल्स पुरवणारा प्रोग्राम, दोन ग्राहक आपापल्या एजंटसाठी वापरत होते. त्यांच्या प्रॉम्प्टवर आमचे नियंत्रण नव्हते. टूलबरोबर जायला हवे ते टूलमध्येच असायला हवे.

सपोर्ट सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने प्रत्येक बदलाआधी माणसाची संमती घ्यायची सूचना केली. घडलेल्या प्रसंगानंतर ती सर्वांना योग्य वाटत होती. पण लॉगमधला तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. सहाय्यकाने विचारले असते, ‘मीटिंग बुधवारी सातला हलवू आणि नव्या अकाउंट मॅनेजरना जोडू?’ मॅडमनी ‘हो’ म्हटले असते, आणि तरीही तेच झाले असते. मॉडेलला जे वाटते ते त्या प्रश्नात असते, प्रत्यक्ष काय बदलेल ते नसते. संमती उपयोगी पडायची तर बदलाचा खरा तपशील टूलने स्वतः मोजून द्यायला हवा.

चौथा पर्याय टूलचा साचाच, म्हणजे त्याची फील्ड आणि त्यांचे वागणे, बदलण्याचा. यात वेळ जाणार होता आणि ते दोन ग्राहक जुना साचा वापरत असल्याने त्यांना आधी कळवावे लागणार होते.

सहभागी बदलण्याची सोयच काढून टाकावी असेही एकाने सुचवले, पण लोक सहाय्यकाकडे सर्वांत जास्त मागत होते तेच.

निर्णय चौथ्या पर्यायाचा झाला, त्यात तिसऱ्याचा एक भाग घेऊन. आणि एक क्रम ठरला, तो मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो: कोड बदलण्याआधी डॉक्युमेंटेशन लिहायचे.

काय केले

आधी मी आहे त्या टूलचे संपूर्ण आणि प्रामाणिक वर्णन लिहिले. काहीही लपवायचे नाही, सगळे धोके मांडायचे. ते दोन पाने झाले. मग ‘करू नका’, ‘विसरू नका’, ‘आधी खात्री करा’ अशा शब्दांवर संपणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढली आणि बॅकएंड सांभाळणाऱ्या डेव्हलपरबरोबर बसले. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: ही चूक करताच येणार नाही असा साचा करता येईल का?

सहभागींपासून सुरुवात केली. यादीचे फील्ड काढून तिथे दोन फील्ड आणली, ‘यांना जोडा’ आणि ‘यांना काढा’. मूळ यादी आणणे, त्यात बदल करणे, लोकांची उत्तरे जपणे हे कोड करतो. दोन पानांतला जवळजवळ एक परिच्छेद त्यामुळे गेला.

त्या वेळी डेव्हलपरने एक सुधारणा सुचवली. गुगलच्या एपीआयमध्ये पॅचचा एक कॉल कोट्याची, म्हणजे ठरलेल्या वापर-मर्यादेची, तीन एकके खातो, आणि इव्हेंट आधी वाचून मग पूर्ण ‘अपडेट’ करावा अशी शिफारस गुगल स्वतः करते. पण ‘अपडेट’ पूर्ण नोंद बदलतो. जे फील्ड पाठवले नाही ते जाते. म्हणून एजंटच्या बाजूने पॅचसारखेच वागणे ठेवले, म्हणजे जे सांगितले तेवढेच बदलेल, आणि आत वाचून मग अपडेट केले. त्यात ईटॅगही, म्हणजे नोंद बदलली की बदलणारी तिची आवृत्तीची खूणही, घातली. वाचल्यापासून लिहीपर्यंत कोणी हाताने तो इव्हेंट बदलला असेल तर गुगल 412 हा एरर देते आणि आपला बदल त्याच्यावर चढत नाही.

बदलाच्या व्याप्तीवर मात्र मतभेद झाला. पर्याय तीन होते: फक्त हा दिवस, इथून पुढे, पूर्ण मालिका. काहीच न सांगितल्यास ‘फक्त हा दिवस’ धरावे, ते सर्वांत सुरक्षित, असे डेव्हलपरचे म्हणणे. माझे म्हणणे होते की हे फील्ड सक्तीचे करावे आणि आपसूक काहीच धरू नये. ‘आढावा मीटिंग आता बुधवारी’ असे कोणी लिहिले आणि टूलने गुपचूप एकच दिवस हलवला, तर पुढच्या आठवड्यात अर्धे लोक मंगळवारी हजर होतील आणि अर्धे बुधवारी. एक दिवस हलणे म्हणजे कमी नुकसान असे नेहमीच नसते. फील्ड सक्तीचे असले की मॉडेलला विचार करावा लागतो, आणि वाक्यातून कळत नसेल तर विचारावे लागते. शेवटी फील्ड सक्तीचे झाले आणि त्याच्या स्पष्टीकरणात मी हे लिहिले:

‘बदल किती मीटिंगांना लागू करायचा ते. वापरणाऱ्याने ठरावीक तारीख किंवा “या मंगळवारची”, “उद्याची” असे म्हटले असेल तर फक्त हा दिवस. “आतापासून”, “यापुढे”, “पुढच्या महिन्यापासून” असे म्हटले असेल तर इथून पुढे. “सगळ्या”, “पूर्ण मालिका” असे स्पष्ट म्हटले असेल तरच पूर्ण मालिका. यात झालेल्या मीटिंगांच्या नोंदीही बदलतात. वाक्यातून ठरत नसेल तर अंदाज करू नका, वापरणाऱ्याला विचारा.’

एक ‘करू नका’ उरलाच. तो साच्यात बसवता आला नाही, आणि मला वाटते डॉक्युमेंटेशनची खरी जागा अशाच ठिकाणी आहे: जिथे माणसाच्या बोलण्याचा अर्थ लावायचा आहे.

शोध-टूलचे वर्णनही बदलावे लागले, कारण बदलाच्या टूलमधली निम्मी चूक तिथून आली होती. आता शोध सुटे दिवसच परत करतो. प्रत्येक निकालात तारखेबरोबर वार लिहिलेला असतो, ‘मंगळवार, 10 मार्च 2026, संध्याकाळी 7’ असा, म्हणजे मॉडेलला वार मोजावा लागत नाही. ती मीटिंग मालिकेतली आहे का, वापरणारा आयोजक आहे की नुसता सहभागी, किती जण आहेत, हेही येते. सुट्या दिवसाचा आयडी हा मालिकेचा आयडी आणि त्या दिवसाची मूळ वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असा जोडून बनलेला असतो. वरच्या मीटिंगसाठी ती वेळ 13:30. मॉडेलला हा नमुना चटकन ओळखू येतो आणि ते स्वतः आयडी बनवू पाहते, हे चाचण्यांत दिसले. दिवस हलवला तरी आयडीत मूळ वेळच राहते, त्यामुळे असा बनवलेला आयडी नंतर चुकतो. वर्णनात एक वाक्य घातले की आयडी नेहमी शोधाच्या निकालातून घ्यावा, आणि सर्व्हरही आता अलीकडच्या शोधात न आलेला आयडी परत पाठवतो.

वेळेचे प्रकरण वेगळेच निघाले. भारतात घड्याळ वर्षभर तेच राहते, म्हणून टीमच्या स्वतःच्या चाचण्यांत काहीच सापडले नव्हते. पण लंडनचे घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते, 2026 मध्ये 29 मार्चला. एखादी मालिका लंडनच्या टाइमझोनमध्ये बांधलेली असेल आणि एजंटने वेळ बदलताना तिला भारताचा टाइमझोन लावला, तर मार्चअखेरपर्यंत कोणालाच काही कळत नाही. त्यानंतर लंडनकरांची दीडची मीटिंग अडीचला जाते. अशी चूक आठवडेच्या आठवडे दडून राहते म्हणून ती मला मेलच्या गोंधळापेक्षा जास्त धोक्याची वाटते. आता एजंट फक्त स्थानिक वेळ देतो आणि ती कोणाच्या घड्याळाची ते सांगतो. मालिकेचा टाइमझोन बदलायचा तर त्यासाठी वेगळे फील्ड आहे, आणि ते कोणी स्पष्ट मागितल्याशिवाय भरायचे नाही असे त्यात लिहिले आहे.

पुनरावृत्तीचा नियमही एजंटच्या हातून काढून घेतला. कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या आयकॅलेंडरच्या मानकात, आरएफसी 5545 मध्ये, टाइमझोन असलेल्या मालिकेची अखेर यूटीसीमध्ये लिहावी लागते. सकाळी दहाची मालिका 10 तारखेपासून तोडायची असताना कोणी अखेर म्हणून त्याच दिवशीचे ‘दहा, यूटीसी’ लिहिले तर ते भारतात दुपारचे साडेतीन होतात, आणि त्या दिवशीची दहाची मीटिंग जुन्या मालिकेत तशीच उरते. एजंट आता फक्त तारीख देतो. पूर्ण दिवसाच्या इव्हेंटलाही तोच न्याय: गुगलच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही, 20 ते 23 ऑक्टोबरच्या दिवाळीच्या सुट्टीचा शेवट 24 लिहावा लागतो. आमच्या फील्डचे नाव ‘शेवटचा दिवस’ आहे, त्यात 23 लिहायचे, पुढचे कोड बघतो.

‘इथून पुढे’ या पर्यायाने सर्वांत जास्त विचार करायला लावला. गुगलच्या एपीआयमध्ये यासाठी एकच कॉल नाही. जुनी मालिका त्या तारखेआधी संपवायची आणि नवी मालिका तयार करायची, असे दोन कॉल लागतात. मधे काही बिघडले तर? आधी जुनी तोडली आणि नवी तयार झाली नाही, तर पुढच्या मीटिंगा नाहीशा होतात. आधी नवी तयार केली आणि जुनी तुटली नाही, तर मीटिंगा दोनदा दिसतात. आम्ही दुसरा क्रम घेतला. कॅलेंडरवर एकाच वेळी दोन मीटिंगा दिसल्या की कोणीतरी विचारतेच. मीटिंग नाहीशी झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही कॉल झाल्यावरच सूचना पाठवायच्या. वर्णनात हेही लिहिले की नव्या मालिकेचा आयडी वेगळा असतो आणि लोकांना पुन्हा ‘येणार’ कळवावे लागेल, म्हणजे सहाय्यक वापरणाऱ्याला ते आधीच सांगू शकतो.

सूचनांसाठी एपीआयमध्ये तीन पर्याय आहेत: सर्वांना, फक्त बाहेरच्यांना, कोणालाही नाही. यातले बाहेरचे म्हणजे गुगल कॅलेंडर न वापरणारे, कंपनीबाहेरचे नव्हेत. मॉडेलने हा पर्याय दुसऱ्याच अर्थाने वापरण्याची शक्यता दाट होती, म्हणून तो एजंटला दिलाच नाही.

संमतीसाठी टूलला ‘आधी दाखवा’ हा प्रकार जोडला. त्यात काहीही बदलत नाही, काय बदलेल ते कोड मोजून सांगतो: किती मीटिंगा हलतील, कोणाला मेल जाईल, कोण जोडले आणि काढले जाईल. सहाय्यक वापरणाऱ्याला तेच दाखवतो.

एरर संदेशांवर मी वर्णनाइतकाच वेळ घालवला. एजंट वर्णन सुरुवातीला वाचतो, पण एरर त्याला नेमका अडलेल्या क्षणी मिळतो. आधीचा संदेश होता ‘403, परवानगी नाही’, आणि तो मिळाल्यावर मॉडेल तोच कॉल पुन्हा पुन्हा करत असे. आता लिहिले आहे: ‘वापरणारे या मीटिंगचे आयोजक नाहीत, त्यामुळे वेळ बदलता येणार नाही. पुन्हा प्रयत्न करू नका. वेळ बदलण्याची विनंती आयोजकांना पाठवायची का ते विचारा.’ 412 साठी: ‘तुम्ही वाचल्यानंतर हा इव्हेंट कोणीतरी बदलला आहे. पुन्हा शोधा, नवा तपशील वापरणाऱ्याला दाखवा, मगच बदल करा.’

एमसीपीमध्ये टूल विध्वंसक असू शकते असा इशारा देणारी खूण असते, ती लावली. पण ती केवळ सूचना आहे, आणि विश्वासू सर्व्हरकडून आली नसेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये असे प्रोटोकॉलच सांगतो. सुरक्षितता तिच्यावर सोपवली नाही.

चाचण्यांसाठी जुन्या लॉगमधली वाक्ये घेतली, नावे बदलून. लोक मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून लिहितात: ‘साडेचारचा कॉल पोस्टपोन कर, नेक्स्ट वीक चालेल’. वर्णनात शब्द बदलला की ही सगळी वाक्ये पुन्हा चालवायची आणि मॉडेलने कोणते टूल, कोणत्या फील्डसह बोलावले ते पाहायचे, असा नियम झाला.

परिणाम

लंडनच्या मीटिंगचे तेच वाक्य नव्या टूलवर चालवल्यावर सहाय्यक शोधतो, मंगळवारचा सुटा दिवस घेतो, व्याप्ती ‘फक्त हा दिवस’ भरतो, अकाउंट मॅनेजरला जोडतो आणि बदलाआधी यादी दाखवतो. इथे एक बारीक प्रश्न पुढे आला जो आधी कोणाच्या मनात नव्हता: नव्या अकाउंट मॅनेजरना या एका बुधवारपुरते घ्यायचे की कायमचे? सहाय्यक आता तो विचारतो. मॅडमना कायमचेच हवे होते.

टूलचे वर्णन दोन पानांवरून पाऊण पानावर आले. मालिकांमधले बदल पुन्हा सुरू केले.

सगळेच गोड झाले नाही. पहिल्या टप्प्यात संमती प्रत्येक बदलाला लागत होती आणि वापरणारे कंटाळले. स्वतःच्या एकट्याच्या इव्हेंटचे शीर्षक बदलायलाही ‘करू का?’ हा प्रश्न त्यांना नको होता, आणि तो योग्यही नव्हता, कारण सारखे विचारले की माणूस न वाचता ‘हो’ म्हणायला शिकतो. मग नियम बदलला: दुसऱ्या कोणाला मेल जाणार असेल किंवा एकापेक्षा जास्त मीटिंगा बदलणार असतील तरच विचारायचे. जुना साचा वापरणाऱ्या ग्राहकांपैकी एकाला बदल उशिरा कळला आणि त्यांचा एजंट काही काळ एरर खात राहिला.

वेगळे काय करता आले असते

टूलचा साचा ठरताना लिहिणारे माणूस खोलीत असते तर बरेच काही आधीच दिसले असते. ‘सहभागी’ हे फील्ड दोन वाक्यांत समजावून सांगायला बसले की पहिल्याच मसुद्यात प्रश्न येतो: पाठवलेली यादी जुन्या यादीत मिसळते की तिची जागा घेते? हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण कोणी ते वाक्य लिहिलेच नव्हते.

वर्णनातला बदल हा कोडमधल्या बदलाइतकाच मोठा मानायला हवा होता. आधीच्या काळात टीममधले कोणीही ते वाक्य जाता जाता बदलत असे, रिव्ह्यूशिवाय, आवृत्ती क्रमांकाशिवाय. कोडची एकही ओळ न बदलता एजंटचे वागणे त्यामुळे बदलत होते आणि का बदलले ते शोधायला मागे काही खूण नव्हती. आता वर्णने कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहणाऱ्या साठ्यात, असतात आणि त्यांना तोच रिव्ह्यू लागतो. हे पहिल्या दिवसापासून करायला पैसेही लागले नसते.

ग्राहकांना बदल कळवण्यासाठी जुना आणि नवा साचा काही आठवडे शेजारी चालवता आला असता. वेळ वाचवण्यासाठी तसे केले नाही. सरांनी तो निर्णय घेतला तेव्हा लंडनचा प्रसंग ताजा होता, आणि जुने टूल एक दिवसही चालू ठेवणे त्यांना नको होते. त्यांची भीती मला समजते, तरी मी असते तर जुन्या टूलमधून फक्त मालिका आणि सहभागी बंद ठेवून बाकीचे चालू ठेवले असते.

‘इथून पुढे’ अजून पूर्ण सुटलेले नाही. नवी मालिका तयार झाली आणि जुनी तुटली नाही, तर आज टूल फक्त कळवते. नवी मालिका आपोआप मागे घेत नाही. ते जमेपर्यंत कंपनीबाहेरचे सहभागी असलेल्या मालिकांसाठी हा पर्याय बंद आहे, आणि सहाय्यक तसे सांगून वापरणाऱ्याला तो बदल कॅलेंडरमध्ये हाताने करायला सुचवतो.